चाकाखालचं लिंबू

बोल्ट विकत घेण्याआधी तो उन्हात धरून त्याचे आटे तपासणारी बाई झाशीच्या सदर बाजारात एकच, वसुंधरा वैशंपायन. विम्याच्या कचेरीत आयुष्यभर कारकुनी करून नुकतीच निवृत्त झालेली, लग्नाच्या भानगडीत न पडलेली आणि स्वतःच्या स्कूटरचा कार्बोरेटर स्वतःच खोलून साफ करणारी. तिला लांबून येताना बघितलं की दुकानदार आपसात म्हणत, "लो, दीदी आ गईं, अब पूरा डिब्बा उलटवाएँगी." आणि ती खरंच अख्खा डबा उलटा करायला लावी. लोक हसत, तर हसोत बापडे. हसण्यानं बोल्ट घट्ट बसत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तर गोष्ट तिच्या वडिलांच्या फियाटीची. नीलकंठराव वैशंपायन झाशीच्या कचेरीत, म्हणजे कोर्टात, वकील होते. छावणीतल्या एका कॅप्टनची बदली झाली, तेव्हा त्याची गाडी त्यांनी घेतली. छप्पन्न सालची फियाट, करड्या रंगाची, पाठीला गोल, पुढची दारं उलट्या अंगानं उघडणारी. मुंबईचा एक मावसभाऊ आला आणि म्हणाला, "आमच्याकडे हिला डुक्कर फियाट म्हणतात." झालं! वसुंधरेच्या आईनं, अनुसूयाबाईंनी, त्याच्या पानात दुसरा लाडू वाढलाच नाही. मुक्काम संपेपर्यंत बिचाऱ्याला आपलं काय चुकलं ते कळलं नाही.

रोज सकाळी नीलकंठराव काळा कोट चढवून गाडीपाशी येत, आणि अनुसूयाबाई दह्याची वाटी घेऊन मागोमाग. उजव्या तळहातावर चमचाभर दही, वर चिमूटभर साखर. ते खाऊन, हात धुऊन, मगच स्टिअरिंगला हात. प्रवासाला निघणाऱ्याच्या हातावर दही घालायची रीत आपल्याकडे घरोघरी असते, पण सदर बाजार ते कचेरी हा कसला प्रवास, असं कुणी म्हटलं तर बाई म्हणत, "गाडी फाटकाबाहेर गेली की प्रवासच."

वसुंधरा थोरली, दिवाकर धाकटा. पण गाडी शिकवली दिवाकरला. वसुंधरेच्या हातात आलं फडकं. ती काचा पुसायची, दिवे पुसायची, मागच्या सीटवर बसून वडिलांचा डावा हात गिअर कसा टाकतो ते बघायची. तिला फार वाईट वाटायचं. तसं तिनं एकदा बोलूनही दाखवलं. वडील म्हणाले, "तू पुसतेस ती गाडी दिवाकर चालवतो, सगळ्यांचंच काम चाललंय की!" ते थट्टेनं म्हणाले असतील, पण ती थट्टा तिच्या मनात रुतून बसली. सगळा सांगाडा, सगळ्या नळ्या, सगळे खटके तिला पुसून पुसून पाठ झाले होते, आणि चालवायला मात्र कधी मिळाली नाही.

एका कडाक्याच्या थंडीत नीलकंठराव कचेरीत गेले आणि तिथेच छातीत कळ येऊन गेले. दुसऱ्या वकिलाच्या ड्रायव्हरनं फियाट घरी आणून पत्र्याच्या शेडमध्ये लावली, ती तिथेच राहिली. कागदपत्रं दिवाकरच्या नावावर झाली, दिवाकर नोकरीला पुण्याला गेला. किल्ली आईनं देवघरात ठेवली आणि कुणाला हात लावू दिला नाही, वसुंधरेलासुद्धा नाही.

पूजा मात्र चुकली नाही. दर दसऱ्याला अनुसूयाबाई शेड झाडत, बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढत, झेंडूची माळ घालत आणि पुढच्या चाकापुढे लिंबू ठेवत. लिंबू चिरडून गाडी पुढे गेली की दृष्ट निघते, हे खरं. पण गाडी हलतच नव्हती, चिरडणार कोण? आधीचं लिंबू तसंच, शेजारी नवं. वर्षावर वर्षं गेली, चाकापुढे वाळून काळ्या पडलेल्या लिंबांची रांग लागली. "ढकलून ओलांडायचं नाही हो," आई बजावून सांगे, "तिनं आपल्या पायानं ओलांडलं पाहिजे." तिच्या बोलण्यात गाडी म्हणजे घरातली सूनच जणू.

आणि एक दिवस पुण्याहून दिवाकरचा फोन आला.

"ताई, कानपूर रोडवर मोठ गावाच्या अलीकडे एक नवा ढाबा झालाय. मालक फियाट मागतोय. दारात ओटा बांधून त्यावर ठेवणार, डिकीत फुलझाडं लावणार. निदान लोक बघतील तरी. शेडमध्ये सडतेच आहे ना?"

"आणि इंजिन?"

"ते काढून टाकणार म्हणतो. वजन कमी होईल."

वसुंधरेच्या मस्तकात तिडीक गेली. डिकीत झाडं! इंजिन काढून! ती फोनवर असं काही बोलली की शेजारच्या काकू खिडकीत आल्या. दिवाकर वाईट माणूस नव्हता, उगाच त्याला नावं ठेवायची नाहीत. तो दमला होता, लांब होता, आणि त्याला ती गाडी बघितली की वडील गेल्याचं आठवे. शेवटी तो म्हणाला, "बरं, असं करू. दसऱ्याला मी येतोय. त्या दिवशी गाडी स्वतःच्या इंजिनानं लिंबू ओलांडून फाटकाबाहेर गेली आणि बाजाराला फेरी मारून आली, तर ती तुझी. कागद तुझ्या नावावर करून देतो. नाही गेली, तर ढाबेवाल्याची क्रेन संध्याकाळी येईल. मंजूर?"

"मंजूर," वसुंधरा म्हणाली. फोन ठेवून ती सरळ देवघरात गेली आणि आईच्या देखत किल्ली उचलली. आईनं तिला अडवलं नाही.

पाऊसकाळ सुरू व्हायला आला होता, दसऱ्याला फार अवधी नव्हता. मदतीला तिनं हरप्रसाद मिस्त्रीला गाठलं. हरप्रसाद कुशवाहा म्हणजे वल्ली. जुन्या गाडीचं नाव काढलं की जेवणाचं ताट सरकवून उठणारा, आणि आपलंच खरं म्हणून भांडणारा. शेडचं दार उघडून त्यानं फियाट बघितली आणि दोन्ही हात जोडले. "अरे दद्दा! जे तो रानी आय!" मग लगेच, "इंजिन जाम होगा, दीदी." आणि इंजिन खरोखर जाम होतं.

आधी आईनं सगळी लिंबं टोपलीत वेचून घेतली. मग गाडी ढकलून अंगणात आणली. प्लग काढून सिलिंडरांत तेल सोडलं आणि ते मुरू दिलं. वसुंधरा रोज सकाळी पदर खोचून इंजिन फिरवायच्या पुढच्या हँडलला जोर लावी. हँडल हलेना. हरप्रसाद म्हणाला, उघडून ठोकून काढू. ती म्हणाली, "ठोकायचं नाव काढलंस तर हँडल तुझ्या डोक्यात घालीन." पुन्हा तेल, पुन्हा जोर. तळहाताला फोड आले, फुटले, घट्टे पडले. आणि एका सकाळी हँडल जरासं, अगदी बोटभर, फिरलं. बाई तिथेच चिखलात बसली आणि रडली. हरप्रसादनं तोंड दुसरीकडे फिरवून बिडी पेटवली.

उंदरांनी खाल्लेल्या वायरी नव्या घातल्या. ब्रेकची रबरं कुठे मिळेनात, ती तिनं पत्रं पाठवून, फोन करून, कुठल्या कुठल्या गावच्या जुन्या गाड्यांच्या वेड्यांकडून मिळवली. ही वेडी माणसं एकमेकांना कधी बघत नाहीत, पण एका रबरासाठी तासन् तास बोलतात. बॉनेटवर तर वेगळीच गंमत. ओल्या कुंकवानं पत्रा असा खाल्ला होता की गंजाचंच स्वस्तिक उमटलेलं. रंगारी म्हणाला, कापून टाकतो. वसुंधरेनं आईकडे बघितलं आणि म्हणाली, "खालून पत्रा जोड, वरून हलकं घास, कापायचं नाही." रंग चढल्यावर डोळ्याला दिसत नव्हतं, पण हात फिरवला की बोटांना लागायचं.

पेट्रोलची टाकी उतरवली, तेव्हा काळा गाळ निघाला आणि गाळात तांदळासारखे काळे दाणे. हरप्रसाद म्हणाला, "चूहों ने जमा किया होगा." उंदीर झाकण लावलेल्या टाकीत कसे शिरले, हे त्यानंही विचारलं नाही आणि तिनंही नाही. काम डोक्यावर होतं. टाकी धुतली, वाळवली, चढवली.

आणि गाडी सुरू झाली! काय तो आवाज! आधी खोकली, मग धूर सोडला, मग अशी गुरगुरली की गल्लीतली माणसं फाटकाशी जमली. अनुसूयाबाई ओट्यावर उभ्या होत्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि आत गेल्या.

वसुंधरा पहिल्यांदा त्या सीटवर बसली. गाडी चालवायचं लायसन तिनं कधीच काढलेलं, कचेरीची जीपही चालवलेली, पण ही सीट वेगळी. पहिल्या दिवशी नुसती अंगणात पुढे-मागे केली. दुसऱ्या दिवशी रस्त्यावर काढायची ठरली. गाडी फाटकाबाहेर गेली, गल्ली ओलांडली, आणि कोपऱ्यावरच्या पानवाल्यापाशी झटके देत बंद पडली. थोडा वेळ थांबून पुन्हा चालू केली तर चालू. ढकलाढकली नको म्हणून कशीबशी परत आणली.

हरप्रसाद म्हणाला, कार्बोरेटर. कार्बोरेटर खोलला. गाडी पुन्हा पानवाल्यापाशी बंद. मग म्हणाला, पंप. पंप नवा घातला. पुन्हा तिथेच! पानवाला आता गाडी दिसली की स्टूल पुढे सरकवी, "बैठिए दीदी, आपका स्टेशन आ गया." वसुंधरेला असा संताप येई की पानाची टोपली उधळून द्यावी. दसरा तोंडावर आला होता. हरप्रसादनं हात टेकले. "दीदी, इस गाड़ी को नजर लगी है."

"नजर नाही लागली. काहीतरी आहे, आणि ते मी शोधणार," ती म्हणाली. रात्रभर झोप नाही, पण सकाळी उठून तिनं पहिलं काम केलं ते टाकी पुन्हा उतरवायचं. हरप्रसाद ओरडला, टाकी तर आपण धुतली होती! तिनं ऐकलं नाही. पेट्रोल पांढऱ्या फडक्यातून गाळलं. फडक्यावर काय राहावं? शिजलेली शितं. मऊ, फुगलेली, पांढरी. आणि पांढऱ्या गुठळ्या. हरप्रसादनं वास घेतला आणि त्याचं तोंडच उघडं पडलं. "दीदी... जे तो दही-भात आय."

वसुंधरा फडकं हातात घेऊन सरळ स्वयंपाकघरात गेली. आई दुधाला विरजण लावत होती. ती रोज विरजण लावी. दही सगळ्यांना वाढी, स्वतः मात्र खात नसे, घशाला सोसत नाही म्हणे.

"आई, हे काय आहे?"

अनुसूयाबाईंनी फडक्याकडे बघितलं आणि ओशाळल्या. मग म्हणाल्या, "तिला निघताना देते मी. थोडंसंच."

"गाडीला? पेट्रोलच्या टाकीत? दर वेळी?" वसुंधरेचा आवाज चढला. "अगं आई, मी उन्हातान्हात मरतेय, तो हरप्रसाद रोज गाडीखाली लोळतोय, परवा क्रेन येणार आहे, आणि तू तिला दहीभात भरवतेस? इतके दिवस आम्ही कार्बोरेटर उघडतोय आणि तू गप्प बसलीस?"

"मला काय ठाऊक त्यानं ती बंद पडते! भुकेली गाडी बाहेर कशी धाडायची? तोंड तिचं तेच ना, पिते तिथून."

"दसऱ्याचे ते तांदूळसुद्धा तूच घातलेस?"

"नैवेद्यच तो."

वसुंधरा कपाळावर हात मारून पाटावर बसली. हसावं का रडावं कळेना. पण आई रडत होती, आणि ती तशी रडणारी बाई नव्हती.

"त्या दिवशी दही लागलं नव्हतं," आई म्हणाली. "थंडी किती होती आठवतं ना? सकाळी बघते तर नुसतं दूध. ते म्हणाले, असू दे गं, एक दिवस. आणि गेले. माझ्या हातून ते एकच द्यायचं राहिलं, वसू. गाडी तेवढी परत आली. मग मी तिला देत राहिले. आणि मी नाही कधी खाल्लं त्यानंतर. खाववतच नाही."

इतकी वर्षं वसुंधरेला वाटत होतं की आई किल्ली दाबून बसली ते गाडी मुलीच्या हाती जाऊ नये म्हणून. तो राग ती उराशी धरून होती. आता त्याचं काय करायचं ते तिला सुचेना. तिनं आईच्या हातातली विरजणाची वाटी काढून बाजूला ठेवली, तिचे हात आपल्या काळ्या हातांत घेतले आणि म्हणाली, "आई, दही लागलं नाही म्हणून माणूस जात नाही गं. बाबांचं हृदय अधू होतं. डॉक्टर आधीच म्हणाले होते." आईनं मान हलवली, पण पटलं की नाही, देव जाणे.

तिनं आणखी काही समजावलं नाही. समजावण्यापेक्षा टाकी धुणं महत्त्वाचं होतं. ती अंगणात गेली. हरप्रसाद आणि तिनं टाकी धुतली, नळ्या फुंकून साफ केल्या, पुन्हा एकदा सगळं उघडलं, पुन्हा जोडलं. हरप्रसाद त्या दिवशी भांडला नाही.

दसऱ्याच्या सकाळी दिवाकर आला. अंगणात रंगवलेली फियाट बघून तो दारातच थबकला. जवळ जाऊन बॉनेटवरून हात फिरवला, तेव्हा बोटांना स्वस्तिक लागलं असावं, कारण त्यानं हात लगेच उचलला नाही. पण हट्टी तोही बहिणीसारखाच. "दिसते छान, ताई. चालली पाहिजे," तो म्हणाला.

आईनं पूजा केली. नवी लिंबं आणली होती, ती पुढच्या चाकांपुढे ठेवली. वसुंधरा सीटवर बसली. गल्ली जमली होती, पानवालाही दुकान टाकून आला होता. आणि त्याच वेळी अनुसूयाबाई घरातून बाहेर आल्या. हातात दह्याची वाटी.

हरप्रसादच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. तो धावत मागे गेला आणि पेट्रोलच्या झाकणाला पाठ लावून उभा राहिला, बँकेवरच्या पहारेकऱ्यासारखा. "अम्माजी, नहीं! हाथ जोड़ता हूँ, नहीं!" दिवाकरला काही उमगेना. वसुंधरा आता ओरडली तर आईच्या जिवाला लागणार, नाही ओरडली तर गाडी जाणार. ती ओरडली नाही. स्टिअरिंग घट्ट धरून बसली.

अनुसूयाबाईंनी हरप्रसादकडे बघितलंसुद्धा नाही. त्या सावकाश पुढे आल्या, चालकाच्या दारापाशी थांबल्या.

"हात कर."

वसुंधरेनं गोंधळून स्टिअरिंगवरचा एक हात पुढे केला, तो डावा.

"तो नव्हे गं. उजवा. गाडी नेणाऱ्यानं उजव्या हातावर घ्यायचं."

तिनं उजवा हात पुढे केला. घट्टे पडलेला, नखांत ग्रीस अडकलेला. आईनं त्यावर चमचाभर दही घातलं, वर चिमूटभर साखर. वसुंधरेनं ते खाल्लं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. हात धुवायला तांब्या कुणी आणला होता ठाऊक आहे? दिवाकरनं.

आई वळसा घालून पलीकडच्या दारानं आत बसली. वसुंधरेनं किल्ली फिरवली. इंजिन लागलं. गिअर टाकला, क्लच सोडला. लिंबं फुटल्याचा बारीक आवाज आला आणि गाडी स्वतःच्या पायानं फाटकाबाहेर पडली.

गल्ली संपत आली. पानवाल्याचा कोपरा दिसू लागला. इतक्या वेळा तिथे गाडी मेली होती की वसुंधरेचा पाय आपोआप ढिला पडला.

"थांबू नकोस," आई म्हणाली.

तिनं पाय दाबला. कोपरा आला, कोपरा गेला. इंजिन एका सुरात चाललं होतं. मागे गल्ली ओरडत होती, आणि त्या गोंगाटात दिवाकर फोनवर मोठ्यानं सांगत होता, "नहीं भैया, क्रेन मत भेजिए. गाड़ी हमारी दीदी की है."

सदर बाजाराच्या वळणावर वसुंधरेनं शेजारी बघितलं. आईच्या मांडीवर वाटी होती. तळाला राहिलेलं दही तिनं बोटानं पुसून घेतलं, क्षणभर बोटाकडे बघितलं आणि खाल्लं.